बॉयलर बंद ठेवा

खुर्च्या मी मांडतो. त्रेसष्ट.
चेलोवाल्यांना बिनहातांच्या,
टाउनोला जरा उंच, कारण त्याचा गुडघा
गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरला तो घसरलाच.
बास्केटबॉलची जाळी वर गुंडाळून बांधतो,
तरी मागे एका ट्रम्पेटवाल्याने मध्यंतरात
टोपी फेकून दोन गुण मिळवले होते.

बाहेर थंडर बे. मार्च म्हणे.
सरोवर अजून पांढरं, ताठ,
बंदरावर धान्याची कोठारं
रिकामी उभी,
निवृत्तीनंतरही वेळेवर उठणाऱ्या माणसांसारखी.

दर मंगळवारी सातला ही मंडळी येतात,
बूट दारात काढून जाड मोज्यांवर चालतात.
औषधाच्या दुकानातली मार्गरीट छडी धरते.
शाळेची बस चालवणारी ओरिस्या
बंडुरा मांडीवर घेते, झोपलेलं पोर घ्यावं तशी,
उठवू की नको, अजून ठरत नाही तिचं.
टाउनोचं कांतेले त्याच्या आजोबांनी
लाकूडतोडीच्या छावणीत खरवडून केलेलं,
पाच तारा, आणि एक खिळा नंतरचा,
तो मी दिलाय.
नदीपलीकडून लेस्टर ढोल आणतो.
पहिली जागा ढोलाची, मग त्याची.
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि निझार. टायरच्या दुकानातला.
हलबहून ऊद घेऊन आला,
म्हणजे ऊद तिथेच राहिला, हा माँट्रियलचा.
त्याच्या गाण्यात एक स्वर आहे,
कोमल नाही, शुद्ध नाही, दोघांच्या मधला.
पियानोवर त्याला पट्टीच नाही.
आठ मंगळवार व्हायोलिनवाले
कधी खाली घसरले, कधी वर चढले.
निझार हसून म्हणायचा,
"गल्ली बरोबर आहे. घर पुढचं."

मैफलीच्या दिवशी मार्गरीटने
माझ्या हातात चिठ्ठी दिली:
'बॉयलर बंद ठेवा. घुमतो. बेसूर आहे.'
खरंच घुमतो तो. छत्तीस वर्षं ऐकतोय.

सहाला निझार तळघरात आला, बोटं शेकायला.
पाइपाला कान लावला,
मग त्याच्यासोबत हलकेच आ लावला,
आणि मला विचारलं, "हा कोण वाजवतो?"
मी म्हटलं, "मी."
तो बराच वेळ काही बोलला नाही.

उणे एकोणीस. लोक कोटातच बसले.
कालाब्रियाच्या नाचाने जरा ऊब आली,
मारिनोंच्या म्हातारीने मधल्या वाटेत दोन गिरक्या घेतल्या,
मुलगा लाजला, ती नाही.
लेस्टरचा ढोल माझ्या बुटांतून वर चढला.
कांतेलेच्या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही,
टाउनोची बोटं थरथरत होती,
ते वयामुळे की सुरामुळे, मागून कळेना.

मग निझार.
मी चिठ्ठी खिशात घातली,
खाली गेलो, आणि खटका दाबला.

मार्गरीटची छडी हवेत अडकली.
तिने वळून दाराकडे असं पाहिलं
की मी औषधं दुसऱ्या गावाहून आणायची ठरवली.
पण निझारने तार छेडली
आणि ती बॉयलरवर जाऊन बसली,
जिना उतरताना अंधारात
शेवटची पायरी पायाला सापडावी तशी.
एक व्हायोलिन कलली. मग दुसरी.
मग सगळी रांग. फक्त तिसऱ्या ओळीतल्या डॉरीनबाईंनी
शेवटपर्यंत आपलाच लावला.
त्यांचं काय करणार.

टाळ्या झाल्या. कार्यक्रमपत्रिकेत
बॉयलरचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं,
मार्गरीट जाताना एवढंच म्हणाली,
"उद्या सर्दीचं औषध नेऊन ठेव. लागेल."

जाळी खाली सोडली. खुर्च्या रचल्या, मोजल्या.
बासष्ट.
पुन्हा मोजल्या.
मग तळघरातला दिवा दिसला.
एक खुर्ची निझारने खाली नेली होती,
बॉयलरशेजारी, भिंतीला टेकून,
आणि तो नुसता बसला होता,
कोट काढून.